मोकळा बचावपटू : फ्रान्झ बेकेनबाउर यांची कारकीर्द

फुटबॉलच्या सामन्यात गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात झळकते. गोल होऊ न देणाऱ्याचे नाव बहुधा कोणाच्या ध्यानात राहत नाही. बचावपटूचे काम धरणाच्या भिंतीसारखे असते. ती भक्कम उभी आहे तोवर तिच्याकडे कोणी पाहत नाही. तिला तडा गेला म्हणजे मात्र सर्वांच्या नजरा तिकडे वळतात. अशा या उपेक्षित जागेवर खेळून ज्यांनी जगातील श्रेष्ठ खेळाडूंच्या पंक्तीत स्थान मिळविले आणि त्या जागेचा अर्थच बदलून टाकला, ते खेळाडू म्हणजे जर्मनीचे फ्रान्झ बेकेनबाउर होत.

१९७४ मध्ये कर्णधार म्हणून आणि १९९० मध्ये मार्गदर्शक म्हणून त्यांनी आपल्या देशाला विश्वचषक मिळवून दिला. ७ जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. जर्मन जनता त्यांना ‘कैसर’ म्हणजे सम्राट म्हणत असे. या सम्राटपदाचा पाया कशात होता, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्याला धक्का का बसला, या दोन्ही गोष्टी समजून घेण्याजोग्या आहेत.

युद्धोत्तर म्युनिकमधील बालपण

बेकेनबाउर यांचा जन्म ११ सप्टेंबर १९४५ रोजी म्युनिक शहरातील गीझिंग या कामगारवस्तीत झाला. दुसरे महायुद्ध संपून चारच महिने झाले होते आणि बाँबवर्षावाने शहराचा बराच भाग उद्ध्वस्त झालेला होता. वडील टपाल खात्यात नोकरीला होते. घरची परिस्थिती बेताचीच होती. मुलांना खेळायला रस्ता, अंगण आणि जवळच्या एका छोट्या क्लबाचे मैदान एवढेच उपलब्ध होते.

त्या काळी म्युनिकमधील नामांकित क्लब म्हणजे ‘१८६० म्युनिक’. लहानग्या फ्रान्झचा ओढाही तिकडेच होता. परंतु १९५८ मध्ये मुलांच्या एका स्पर्धेत त्या क्लबाच्या एका खेळाडूशी त्याची बाचाबाची झाली आणि प्रतिस्पर्ध्याने त्याच्या थोबाडीत मारली. झाल्या प्रकाराने दुखावलेल्या फ्रान्झने बेत बदलला आणि तो तुलनेने दुय्यम समजल्या जाणाऱ्या ‘बायर्न म्युनिक’ या क्लबात दाखल झाला. जर्मन फुटबॉलच्या इतिहासाची दिशा या एका थपडेने बदलली, असे तेथील लोक आजही गमतीने म्हणतात.

शालेय शिक्षणानंतर त्यांनी एका विमा कंपनीत उमेदवारी केली. या सुमारास त्यांच्यावर एक कठीण प्रसंग ओढवला. अठराव्या वर्षी विवाहाविना पितृत्व आल्याने देशाच्या युवक संघाची दारे त्यांना बंद झाली. त्या काळच्या समाजदृष्टीला हा अपराध अक्षम्य वाटत होता. मात्र देटमार क्रामर या प्रशिक्षकांनी मध्यस्थी केली आणि त्यांना पुन्हा संघात घेण्यात आले. एका प्रशिक्षकाने वेळीच दाखविलेल्या या समजूतदारपणामुळे एक गुणी खेळाडू वाया जाण्यापासून वाचला.

बायर्नचा उदय

१९६३ मध्ये पश्चिम जर्मनीत ‘बुंडेसलीगा’ ही राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिल्या सोळा क्लबांत बायर्नचा समावेश नव्हता. म्युनिकमधून निवड झाली ती १८६० म्युनिकची. बायर्नला प्रादेशिक स्तरावर खेळून वर यावे लागले. १९६४ च्या जून महिन्यात बेकेनबाउर प्रथमच मुख्य संघातून मैदानात उतरले आणि १९६५ मध्ये बायर्नने बुंडेसलीगात प्रवेश मिळविला. गोलरक्षक सेप मायर, आघाडीपटू गेर्ड म्युलर आणि बेकेनबाउर हे तिघे तरुण या संघाचे आधारस्तंभ होते.

यानंतरची प्रगती विस्मयकारक आहे. १९६७ मध्ये बायर्नने युरोपातील चषकविजेत्यांची स्पर्धा जिंकली. १९६९, १९७२, १९७३ आणि १९७४ अशी चार वेळा बुंडेसलीगाचे अजिंक्यपद पटकाविले. १९७४, १९७५ आणि १९७६ अशी सलग तीन वर्षे युरोपियन चषक बायर्नकडे राहिला. या तिन्ही वेळी संघाचे कर्णधारपद बेकेनबाउर यांच्याकडे होते.

बचावाची जुनी रीत आणि नवी कल्पना

बेकेनबाउर यांच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळच्या बचावतंत्राची ओळख करून घेणे आवश्यक आहे. प्रतिपक्षाच्या प्रत्येक आघाडीपटूमागे आपला एक बचावपटू सावलीसारखा लावून द्यावयाचा, ही तेव्हाची रूढ पद्धत होती. यात एक उणीव असे. एखादा आघाडीपटू आपल्या पहारेकऱ्याला चकवून निसटला, तर पुढे फक्त गोलरक्षकच उरे. ही उणीव भरून काढण्यासाठी कोणावरही पहारा न ठेवणारा एक जादा खेळाडू बचावफळीच्या मागे उभा करण्याची युक्ती निघाली. निसटून आलेला चेंडू झाडून बाहेर काढणे एवढेच त्याचे काम. इंग्रजीत त्याला ‘स्वीपर’ म्हणत. इटलीत ही पद्धत ‘कातेनाच्चो’ म्हणजे दाराची कडी या नावाने प्रसिद्ध पावली, आणि त्या खेळाडूला ‘लिबेरो’ म्हणजे मोकळा असे नाव मिळाले.

परंतु हा मोकळा खेळाडू नावापुरताच मोकळा होता. त्याच्या मागे लागायला कोणी नव्हते आणि त्यानेही कोणाच्या मागे लागावयाचे नव्हते. तरीही तो आपल्या गोलपाशीच खिळून राही. बेकेनबाउर यांची प्रतिभा प्रकट झाली ती नेमकी येथे. ज्याच्यावर कोणाचाही पहारा नाही, तोच खेळाडू चेंडू घेऊन पुढे गेला तर काय होईल, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. इटलीच्या इंटर मिलान संघातील जाचिंतो फाकेत्ती हे बचावपटू कडेने मुसंडी मारून गोल करीत. कडेच्या बचावपटूला जे साधते ते मधल्या बचावपटूला का साधू नये, असा हा विचार होता.

याचे गणित सोपे आहे. मधला बचावपटू चेंडू घेऊन पुढे सरकला की मैदानाच्या मध्यभागी त्याच्या संघाचा एक खेळाडू वाढतो. प्रतिपक्षाचे आघाडीपटू सहसा मागे धावत येत नाहीत. त्यामुळे त्याला अडविण्यासाठी मधल्या फळीतील कोणाला तरी आपली जागा सोडावी लागते. तो पुढे आला की त्याने सोडलेल्या जागेत दुसरा जर्मन खेळाडू मोकळा सापडतो. तो न आला, तर बेकेनबाउर यांना गोलच्या दिशेने आणखी पुढे जाता येते. म्युलर यांच्याकडे चेंडू देऊन तो लगेच पुढे परत घ्यावयाचा, या दोघांच्या देवघेवीने अनेक बचावफळ्या भेदल्या गेल्या. ताठ मान, चेंडूकडे न पाहता समोरच्या मैदानावर खिळलेली नजर आणि बुटाच्या बाहेरच्या कडेने दिलेला लांब, वळणदार पास ही त्यांच्या खेळाची ओळख होती. अशा रीतीने बचावपटू हा आक्रमणाचा उगम ठरला.

मोकळीक कोणाच्या बळावर?

या पद्धतीत धोकाही तेवढाच मोठा होता. बेकेनबाउर पुढे गेले की मागे भगदाड पडे. चेंडू हिरावला गेला तर ते कोणी बुजवावयाचे? हे काम करणारा खेळाडू म्हणजे हान्स-गेओर्ग श्वार्झेनबेक. उंचापुरा, राकट आणि अबोल असा हा बचावपटू बायर्न संघात आणि राष्ट्रीय संघातही बेकेनबाउर यांच्या शेजारी खेळे. प्रतिपक्षाच्या मुख्य आघाडीपटूला जखडून ठेवणे आणि बेकेनबाउर पुढे सरकले की त्यांची जागा सांभाळणे, ही दुहेरी जबाबदारी त्याने वर्षानुवर्षे कुरकूर न करता पार पाडली.

नियतीने एकदा त्यालाही प्रकाशात आणले. १९७४ च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात जादा वेळ संपत आला असता आत्लेतिको माद्रिद संघ एका गोलने पुढे होता. अखेरच्या क्षणी श्वार्झेनबेक यांनी सुमारे तीस यार्डांवरून मारलेला चेंडू थेट जाळ्यात गेला आणि बरोबरी झाली. दोन दिवसांनी झालेला फेरसामना बायर्नने ४-० असा जिंकला. खेळातून निवृत्त झाल्यावर याच श्वार्झेनबेक यांनी म्युनिकमध्ये कागद-लेखनसाहित्याचे दुकान चालविले.

बेकेनबाउर यांचे मोठेपण यत्किंचितही कमी न करता असे म्हणता येईल की, त्यांच्या मोकळ्या खेळामागे श्वार्झेनबेक यांच्यासारख्यांची शिस्त उभी होती. एकाला मोकळीक हवी असेल, तर त्याने सोडलेल्या जागेवर दुसऱ्याचे लक्ष असावे लागते. ही गोष्ट पुढील घटनांच्या संदर्भात स्मरणात ठेवण्यासारखी आहे.

विश्वचषकाची तीन पर्वे

राष्ट्रीय संघातील बेकेनबाउर यांचा पहिला सामना २६ सप्टेंबर १९६५ रोजी स्टॉकहोम येथे स्वीडनविरुद्ध झाला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये भरलेल्या विश्वचषक स्पर्धेत, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी मधल्या फळीत खेळून ४ गोल केले. मात्र ३० जुलै १९६६ रोजी वेम्बली येथे झालेल्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक हेल्मुट शोन यांनी त्यांच्यावर इंग्लंडच्या बॉबी चार्ल्टन यांना रोखण्याची कामगिरी सोपविली. चार्ल्टन यांनाही त्यांच्यावर लक्ष ठेवावयाचे होते. परिणामी दोन्ही संघांचे सर्वांत कल्पक खेळाडू एकमेकांच्या मागे धावत राहिले आणि जादा वेळेनंतर इंग्लंडने ४-२ असा विजय मिळविला.

१९७० मध्ये मेक्सिकोतील उपांत्यपूर्व सामन्यात हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. इंग्लंड २-० असे पुढे असताना ६८ व्या मिनिटाला बेकेनबाउर यांनी पहिला गोल केला. त्यानंतर लवकरच इंग्लंडच्या व्यवस्थापकांनी चार्ल्टन यांना विश्रांती दिली आणि बेकेनबाउर यांच्या पायातील अदृश्य बेडी गळून पडली. जर्मनीने तो सामना ३-२ असा जिंकला.

१७ जून १९७० रोजी आझ्तेका मैदानावर इटलीविरुद्ध झालेला उपांत्य सामना तर दंतकथा बनून राहिला आहे. एका धडकेत बेकेनबाउर यांचा खांदा निखळला. संघाने आपले दोन्ही बदली खेळाडू आधीच वापरले होते. ते बाहेर गेले असते तर दहाच खेळाडू उरले असते. हात छातीशी बांधून ते जादा वेळ संपेपर्यंत खेळत राहिले. जादा वेळेत पाच गोल झाले आणि इटलीने ४-३ असा विजय मिळविला. जर्मनी हरली, पण गळपट्टीत हात बांधून ताठ धावणारा तो खेळाडू जगाच्या स्मरणात राहिला.

१९७१ मध्ये राष्ट्रीय संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले आणि लिबेरोच्या जागीही ते स्थिरावले. एप्रिल १९७२ मध्ये जर्मनीने वेम्बलीवर इंग्लंडला ३-१ असे नमविले. इंग्लंडच्या भूमीवर जर्मन संघाचा तो पहिलाच विजय होता. त्या वेळी गुंटर नेत्सर आणि बेकेनबाउर आळीपाळीने पुढे जात; एक गेला की दुसरा मागे थांबे. १८ जून १९७२ रोजी ब्रुसेल्स येथे सोव्हिएत संघाचा ३-० असा पराभव करून जर्मनीने युरोपचे अजिंक्यपद मिळविले.

१९७४ ची विश्वचषक स्पर्धा पश्चिम जर्मनीतच भरली. प्राथमिक फेरीत २२ जून रोजी हँबुर्ग येथे पूर्व जर्मनीने यजमानांना १-० असे हरविले. एकाच राष्ट्राच्या दोन तुकड्यांमधील या सामन्याला राजकीय रंग होता. त्यामुळे पराभव अधिकच झोंबला. प्रशिक्षक शोन खचले. अशा वेळी कर्णधाराने पुढाकार घेतला, सहकाऱ्यांना स्पष्ट शब्दांत सुनावले आणि संघरचनेच्या विचारात भाग घेतला. पुढील सामन्यासाठी संघात महत्त्वाचे फेरबदल झाले. तेव्हा संघात आलेल्या रायनर बॉनहॉफ यांच्याच पासवर अंतिम सामन्यातील निर्णायक गोल झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

७ जुलै १९७४ रोजी म्युनिक येथे झालेल्या या अंतिम सामन्यात हॉलंडला दुसऱ्याच मिनिटाला पेनल्टी मिळाली. जर्मन खेळाडूंचा चेंडूला स्पर्शही झालेला नसताना त्यांच्यावर गोल चढला. तरीही संघ डगमगला नाही. पॉल ब्राइटनर यांनी पेनल्टीवर बरोबरी साधली आणि मध्यंतरापूर्वी म्युलर यांनी दुसरा गोल केला. २-१ या विजयानंतर जगज्जेतेपदाचा नवा सुवर्णचषक उंचावण्याचा पहिला मान बेकेनबाउर यांना त्यांच्या जन्मशहरातच मिळाला.

१९७२ आणि १९७६ मध्ये युरोपातील सर्वोत्कृष्ट खेळाडूला दिला जाणारा ‘सुवर्णचेंडू’ त्यांना लाभला. १०३ आंतरराष्ट्रीय सामने खेळल्यावर १९७७ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ‘कॉसमॉस’ क्लबात गेले. तेथे काही काळ ब्राझीलचे पेले त्यांचे सहकारी होते. पुढे हँबुर्ग क्लबाकडून त्यांनी १९८२ मध्ये पुन्हा बुंडेसलीगाचे अजिंक्यपद अनुभविले आणि १९८३ मध्ये खेळाडू म्हणून ते निवृत्त झाले.

मार्गदर्शकाची भूमिका

१९८४ मध्ये जर्मन संघाची कामगिरी खालावली असताना बेकेनबाउर यांच्याकडे राष्ट्रीय संघाची सूत्रे सोपविण्यात आली. त्यांच्याजवळ प्रशिक्षकाचा परवाना नव्हता. त्यामुळे ‘प्रशिक्षक’ याऐवजी ‘संघप्रमुख’ असे पदनाम योजून नियमातून वाट काढण्यात आली. १९८६ मध्ये मेक्सिको येथील अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने त्यांच्या संघाला ३-२ असे हरविले. चार वर्षांनी, ८ जुलै १९९० रोजी, रोम येथे त्याच अर्जेंटिनावर १-० असा विजय मिळाला. हा एकमेव गोल पेनल्टीवर आंद्रेआस ब्रेमे या बचावपटूने केला.

खेळाडू आणि मार्गदर्शक या दोन्ही नात्यांनी विश्वचषक जिंकणारे पहिले गृहस्थ ब्राझीलचे मारिओ झागालो, बेकेनबाउर दुसरे. कर्णधार आणि मार्गदर्शक म्हणून हा मान मिळविणारे ते पहिलेच होत. २०१८ मध्ये फ्रान्सचे दिदिए देशाँ यांनी या दोघांच्या पंक्तीत स्थान मिळविले. झागालो यांचे निधन ५ जानेवारी २०२४ रोजी झाले आणि त्यानंतर दोनच दिवसांनी बेकेनबाउर निवर्तले.

कीर्तीला लागलेले ग्रहण

यानंतर बेकेनबाउर यांनी बायर्न क्लबाचे अध्यक्षपद १९९४ पासून २००९ पर्यंत भूषविले. २००६ ची विश्वचषक स्पर्धा जर्मनीला मिळावी यासाठी त्यांनी जगभर प्रवास केला. जुलै २००० मधील मतदानात जर्मनीने दक्षिण आफ्रिकेवर १२ विरुद्ध ११ मतांनी मात केली. संयोजन समितीचे प्रमुखपद साहजिकच त्यांच्याकडे आले आणि स्पर्धा अत्यंत यशस्वी ठरली.

परंतु ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘डेर श्पीगल’ या साप्ताहिकाने या यजमानपदाच्या व्यवहाराबाबत गंभीर प्रश्न उपस्थित केले. जर्मन फुटबॉल महासंघाने २००५ मध्ये दिलेल्या ६७ लाख युरोंचा खरा हेतू काय, हा वादाचा मुद्दा होता. मते विकत घेतल्याचा आरोप बेकेनबाउर यांनी नाकारला. मात्र या व्यवहारात आपल्याकडून चूक झाल्याचे मान्य करून त्यांनी जबाबदारी स्वीकारली. महासंघाने नेमलेल्या चौकशीत मतखरेदीचा पुरावा मिळाला नाही, तशी शक्यताही निखालस फेटाळता आली नाही. स्वित्झर्लंडमधील खटला कायद्याने ठरविलेली मुदत संपल्यामुळे २०२० मध्ये निकालाविनाच थांबला. ते दोषी ठरले नाहीत, तसे निर्दोष म्हणूनही जाहीर झाले नाहीत. अखेरची वर्षे त्यांनी बहुतांशी प्रसिद्धीपासून दूर राहून काढली.

मैदानावर त्यांनी जागा सोडली की तेथे श्वार्झेनबेक उभे असत. समितीच्या कारभारात मात्र प्रमुखावरील लोकांचा विश्वास इतका मोठा होता की, त्याच्यामागे उभे राहून हिशेब पाहण्याची गरज कोणाला भासली नाही. लोकप्रिय व्यक्तीवर विश्वास टाकणे वेगळे आणि तिच्या कारभाराची तपासणी न करणे वेगळे. सार्वजनिक संस्था चालविणाऱ्या कोणालाही हा फरक डोळ्याआड करून चालत नाही.

वारसा

आज फुटबॉलमधून लिबेरो जवळजवळ नाहीसा झाला आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस चौघा बचावपटूंनी एका रेषेत राहून पुढे सरकण्याची पद्धत प्रबळ झाली. या रेषेच्या मागे एक खेळाडू राहिला तर प्रतिपक्षाला ऑफसाइडच्या सापळ्यात पकडता येत नाही. १९९२ पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेण्यास मनाई झाली. तेव्हापासून गोलरक्षकालाही पायाने खेळणे भाग पडले आणि मागची जागा झाडण्याचे काम हळूहळू त्याच्याकडे गेले.

जागा गेली तरी तिच्यामागील विचार टिकला. बचावपटूने चेंडू केवळ दूर फेकून न देता त्यातून आक्रमणाची उभारणी करावी, ही अपेक्षा आता प्रत्येक मोठ्या संघात गृहीत धरली जाते. ‘सुवर्णचेंडू’ मिळविणारे बचावपटू आजवर तीनच झाले : बेकेनबाउर, त्यांचेच देशबांधव माथियास झामर आणि इटलीचे फाबिओ कान्नावारो.

शाळेच्या मैदानावर संघ निवडताना सर्वांत चपळ आणि कल्पक मुलाला पुढे धाडावयाचे आणि उरलेल्यांना बचावात उभे करावयाचे, हा प्रघात सर्वत्र आढळतो. बेकेनबाउर यांची कारकीर्द या प्रघाताचा फेरविचार करावयास लावते. ज्याला मागे राहून सारे मैदान दिसते, त्याच्या हातीही खेळाची सूत्रे असू शकतात. मात्र त्याला मोकळे सोडताना त्याच्या मागची जागा कोण सांभाळणार, हे आधी ठरवून ठेवणेही तितकेच अगत्याचे आहे.